चॅप्स म्हणायचं की शॅप्स?

डेन्व्हरकर
घोड्यावर बसताना पँटवरून चढवतात ते चामड्याचं आवरण, दोन पायांना दोन भाग, कमरेला पट्टा आणि मागे बूड उघडं, त्याबद्दल बोलतोय. लिहिताना सी-एच-ए-पी-एस. इकडे कोलोरॅडो, वायोमिंग, टेक्सासात गुरांमागे घोडा घालणाऱ्या माणसांच्या तोंडी तुम्हाला शॅप्सच ऐकू येणार. माझी लेक रँचवर शिकतेय, तीही तेच म्हणते. परवा इंग्लंडहून पाहुणे आले होते, त्यांनी तिला सगळ्यांसमोर टोकलं की शॅप्स हा गावंढळ उच्चार आहे, चॅप्स म्हण. पोरगी हिरमुसली आणि मला खरंच राग आला. शब्द मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधला आहे, चापारेरास. चापारो म्हणजे खुरटं झुडूप, तसल्या दाट काटेरी रानाला चापाराल म्हणतात, त्यातून गुरं हाकताना मांड्या सोलवटून निघतात म्हणून तिथल्या गुराख्यांनी, म्हणजे वाकेरोंनी, हे घालायला सुरुवात केली. इंग्लंडचा यात संबंध काय? ज्यांचं सामान त्यांचा उच्चार, एवढं साधं आहे हे.

पागेवाली
दादा, मुलीला चारचौघांत टोकणं चूकच. पण उच्चाराचं मला पटत नाही. मी पुण्यात शिकवते. आमच्याकडे खोगीर इंग्लिश, शिकवणं इंग्लिश पद्धतीचं आणि पोरं घालतात ते हाफ चॅप्स, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत, बाजूला चेन. इथे आम्ही सगळे चॅप्स म्हणतो, ब्रिटनमध्येही तेच. आणि मूळ स्पॅनिश म्हणताय तर स्पॅनिशमध्ये तो च आहे ना, श कुठाय? तुमचाच दाखला तुमच्या विरुद्ध जातोय.

एल पासो
ताई, स्पॅनिश सगळीकडे एकसारखी नाही हो. मी मेक्सिकोच्या सीमेवर राहतो, पलीकडे तिथलं चिवावा राज्य. तिकडची कितीतरी माणसं स्वतःच्या राज्याला शिवावा म्हणतात, मुचाचो म्हणजे पोरगा, त्याचं मुशाशो करतात. शेजारच्या सोनोरा राज्यातही हेच चालतं आणि शिकलेले लोक त्यांना नावं ठेवतात, तेही अगदी आपल्यासारखंच. आता टेक्सासातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनी गुरं वळायची विद्या शिकली ती या उत्तरेकडच्या वाकेरोंकडून, आणि १८६५ नंतर टेक्सासातून कॅन्ससकडे आणि पुढे वर गुरांचे कळप हाकत नेले तेव्हा दोर, खोगीर, शब्द सगळं त्यांच्याबरोबर वर गेलं. कानाने घेतलेला शब्द आहे हा, कागदावरून नाही.

शंकेखोर
ऐकायला छान वाटतं, पण मग चिलीचं, म्हणजे मिरचीचं काय? तीही मेक्सिकोतूनच आली, टेक्सासात तर रोजच्या खाण्यात आहे, तिला कुणी शिली म्हणत नाही. माझ्या मते हे फ्रेंच वळण आहे. अमेरिकेत शिकागो, मिशिगन, शायेन ही सगळी नावं सी-एच लिहून श वाचायची, फ्रेंचांनी तसं लिहून ठेवलं म्हणून. त्या सवयीने नवा शब्द दिसला की श.

एल पासो
तुमचा फ्रेंच नियम लावला तरी चिली शिलीच व्हायला हवी होती की! आणि चापाराल हा रानाचा शब्दसुद्धा इथे इंग्रजीत शॅपरॅल असाच म्हणतात. एकाच रानातून आलेले दोन्ही शब्द, दोघांनाही श. मला तरी माझंच म्हणणं जास्त पटतं.

रिकीब
एवढं लांब कशाला जाताय, आपल्याकडे बघा. पाय ठेवायची ती कडी, मराठीत रिकीब, हिंदीत रकाब, अरबीत रिकाब. मराठ्यांच्या फौजा याच रिकिबीत पाय ठेवून अटकेकडे गेल्या, त्यांना कुणी सांगितलं असतं का की तुमचा शब्द अशुद्ध आहे, आधी मूळ अरबी घोकून या? आणि च चं म्हणाल तर चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा, अक्षर मात्र एकच. लिहिलंय तसंच बोला हे आपण तरी कुणाला सांगू नये.

पागेवाली
रिकीबदादा, रिकीब शेकडो वर्षं इथल्या लोकांनी वापरून मराठी झाली. तेच तर मी म्हणतेय! आमच्या पागेत चॅप्स रुजलाय. अडचण ही आहे की हल्ली पोरं व्हिडिओ बघून येतात, शॅप्स म्हणतात आणि हाफ चॅप्स घ्यायच्या ऐवजी ती मोठी झालरवाली कमरेपर्यंतची मागवतात, आमच्या खोगिरावर ती कशाला लागतात? आईबापांचे पैसे वाया जातात. वस्तू वेगळी, रीत वेगळी, मग उच्चारही इथला असू दे.

डेन्व्हरकर
ताई, पुण्यात चॅप्स म्हणा, माझी काहीच हरकत नाही. माझा राग 'गावंढळ' या शब्दावर आहे. हे सामान बनवणाऱ्यांनी त्यात किती डोकं लावलंय ते हातात घेऊन बघा. पट्ट्याला मागे बकल असतं, पण पुढे पोटाशी दोन्ही भाग नुसत्या बारीक चामडी दोरीने बांधलेले. का, तर खोगिराच्या पुढच्या खुंटीत पट्टा अडकला आणि घोडा उधळला तर ती दोरी तुटावी आणि माणूस लटकत फरफटत जाऊ नये. काटेरी रानासाठी रुंद पंखांची बॅटविंग, पायाला घट्ट बसणारी शॉटगन, मोंटानाच्या थंडीत लोकरीची. हे ज्यांनी केलं त्यांच्या तोंडचा शब्द गावंढळ? आणि ला रेआता म्हणजे फासाचा दोर, त्याचं लॅरिएट झालं, हाकिमा म्हणजे घोड्याची म्होरकी, तिचं हॅकमोर झालं, मेकाते नावाच्या दोराचं तर चक्क मॅकार्टी झालं, ते सगळं इंग्रजी शब्दकोशात बसलंय, त्याला कुणी नाक मुरडत नाही. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशात चॅप्स आणि शॅप्स दोन्ही दिलेत, उघडून बघा.

पागेवाली
दोरीचं माझ्या पोरांना उद्याच सांगते, पडल्यावर सुटता येणं हे आम्हीही पहिल्या दिवसापासून शिकवतो. गावंढळ म्हणणाऱ्यांची बाजू मी घेतलीच नव्हती. पण माझ्याकडे सामानाच्या यादीत हाफ चॅप्सच लिहिणार आणि तसंच म्हणून घेणार.

शंकेखोर
चिलीचं उत्तर अजून कुणी दिलं नाहीये.