मदत हवी आहे: जुन्या मॅन्युअलमधले फॅरनहाइट आणि गॅलन

मंडळी, एका जुन्या जनरेटरचं इंग्रजी मॅन्युअल मराठीत उतरवतोय. सगळी मापं इंच, पौंड, गॅलनमध्ये आहेत आणि वापरणाऱ्यांना मेट्रिक हवंय. बरंचसं ऑनलाइन कन्व्हर्टरने उरकलं. दोन ठिकाणी अडलोय.

१) 'सभोवतालच्या हवेपेक्षा ९० अंश फॅरनहाइटपर्यंत तापमानवाढ चालेल' असं लिहिलंय. कन्व्हर्टर ३२.२ अंश सेल्सिअस सांगतो. पण यंत्र रोज त्याहून जास्त तापतं आणि तरी ठणठणीत आहे. मग मॅन्युअल चुकलं की यंत्र?

२) इंधनाची टाकी १२ गॅलन. एका तक्त्याने ४५.४ लिटर येतात, दुसऱ्याने ५४.६. खरं कुठलं?

जाणकारांनी सांगावं. इंचाला सरळ २.५ सेंमी धरलं तर चालेल का, हेही.

प्रतिसाद १
दोघंही बरोबर आहेत, कन्व्हर्टरसुद्धा. तुम्ही त्याला प्रश्न वेगळा विचारलात. ३२ वजा करायचे ते थर्मामीटरवर वाचलेल्या तापमानातून, कारण पाणी गोठतं तिथे सेल्सिअसचं शून्य आणि फॅरनहाइटचे ३२ असतात. वाढ म्हणजे दोन तापमानांतला फरक, त्यात ते ३२ आपोआप उडतात. नुसतं ५/९ ने गुणा: ९० चे ५० होतात. पटत नसेल तर हवा ६८ फॅ. आणि यंत्र १५८ फॅ. घेऊन पाहा. सेल्सिअसमध्ये २० आणि ७०. फरक ५० च. तुमच्या आकड्याने लोकांनी यंत्र १८ अंश आधीच बंद केलं असतं.

प्रतिसाद २
गॅलन दोन आहेत. अमेरिकन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश (इम्पीरिअल) ४.५४६ चा. मॅन्युअल कुठल्या देशात छापलंय त्यावरून अंदाज येतो, पण अंदाजावर जाऊ नका. टाकीची आतली मापं दिली असतील तर घनफळ काढा. अमेरिकन गॅलन म्हणजे बरोबर २३१ घन इंच, ब्रिटिश साधारण २७७.४.

एकक गृहीत धरण्याचं एक उदाहरण: १९८३ साली कॅनडात एका प्रवासी विमानात इंधन भरताना लिटरमागे १.७७ हा पौंडांचा आकडा किलोचा समजून वापरला गेला. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी भरलं, हवेत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे वाचले. (तिथे तेव्हा मेट्रिककडे बदल चालूच होता, म्हणजे नेमकी तुमचीच अवस्था.)

प्रतिसाद ३
२.५ अजिबात नको. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारातून हे ठरलंय, त्यात पुढे दशांश नाहीतच. एक इंचाच्या शाफ्टवर २५ मिमीचं बेअरिंग चढणारच नाही. उलट बाजूनेही सांभाळा: 'सुमारे ३ फूट अंतर सोडा' याचं ९१.४४ सेंमी करू नका, ९० लिहा. मूळ लेखकाने जेवढं काटेकोर लिहिलं तेवढंच आपण लिहायचं. आणि हिशेब पूर्ण झाल्यावरच आकडा गोल करा, अधेमधे नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. शेवटच्या पानावर टाकीचं रेखाचित्र सापडलं: आतून १४ × १८ × ११ इंच. २७७२ घन इंच, भागिले २३१, बरोबर १२. म्हणजे अमेरिकन. ४५.४ लिटर लिहितोय, तापमानवाढ ५० अंश. आता आधी उरकलेली पानं पुन्हा तपासायला घेतो, तिथे २.५ ने केलेले इंच बरेच आहेत.