पारा ३३-३४ वरच, तरी पग कुत्रा इतका का धापतो?

घोडबंदरचा_वाटसरू: मे महिन्यात संध्याकाळी ६ ला फिरवतो. ऊन नसतं, तरी दहा मिनिटांत जीभ बाहेर, घशात घरघर. ओला टॉवेल गुंडाळून ठेवावा का?

नेरुळकर: टॉवेल गुंडाळू नका. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, म्हणजे नावापुरताच. खरी थंडाई जीभ आणि नाकातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनातून. खाडीकाठच्या दमट हवेत ते मंदावतं. म्हणून कोरड्या नागपूरपेक्षा पारा कमी असूनही इथे धाप जास्त. त्यात पगचं नाक आखूड, नाकपुड्या अरुंद, मऊ टाळू लांब. हवा ओढायला जोर लावावा लागतो, आणि त्या जोरानेच अंग आणखी तापतं. गुंडाळलेला टॉवेल थोड्या वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो.

पाचपाखाडी_पशुवैद्य: गुदद्वारातून तापमान मोजा. साधारण ३८.३ ते ३९.२ अंश ठीक. ४१ च्या वर, किंवा झोक जाणं, उलटी, गडद लाल हिरड्या दिसल्या तर थांबू नका: आधी नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा, मगच दवाखान्याकडे निघा. ३९.५ ला पाणी थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

घोडबंदरचा_वाटसरू: मग वेळ बदलतो. पहाटे ५.३०?

नेरुळकर: चालेल. संध्याकाळी डांबर तापलेलंच असतं. उलटा तळहात ७ सेकंद टेकवून बघा. आणि पट्टा गळ्यात नको, छातीचा हार्नेस घ्या.