मदत हवी आहे: आयर्लंडचा पश्चिम किनारा, दोघं जण, भाड्याची गाडी, आठ रात्री. काय गाळू?

पावशी:

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि नवरा आयर्लंडला चाललोय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, लेक हॉस्टेलला, कुत्रा नणंदेकडे. दुबईमार्गे डब्लिनची तिकिटं झाली, व्हिसाही हातात आहे. गाडं अडलंय ते मधल्या आठ रात्रींवर.

नवऱ्याचा बेत असा: डब्लिनला उतरलं की गाडी घ्यायची, वर बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे, तिथून मॅलिन हेड, मग ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा पश्चिम किनाऱ्याचा रस्ता धरून स्लायगो, वेस्टपोर्ट, क्लिफ्डेन, गॉलवे, मोहरचे कडे, डिंगल, रिंग ऑफ केरी, किन्सेल आणि परत डब्लिन. रोजचे किलोमीटर वहीत लिहून साहेबांनी त्यांना सरसकट ७० च्या स्पीडने भागलंय. “पुणे-गोवा एका दमात मारतो मी,” हे वर. मला दोन-तीन गावांत राहायचंय, पायी फिरायचंय, संध्याकाळी कुठेतरी संगीत ऐकत बसायचंय. आमच्यात नकाशा बघायचं काम माझ्याकडे, त्यामुळे रस्ता चुकला की बोलणीही मलाच.

तर यातलं काय गाळावं? पावसाचं म्हणाल तर मी चिपळूणची, पावसाला भीत नाही. पण तिथला पाऊस अख्खा दिवस वाया घालवतो का? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. खेड्यांत निभेल ना? आणि गाडी डावीकडूनच चालवायची म्हणून नवरा निर्धास्त आहे, तितकं निर्धास्त असावं का?

डोंगरभाऊ:

अर्धा बेत गाळा. कुठला अर्धा ते बाकीचे सांगतील.

कॉर्ककर:

पावशीताई, इथे राहतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तरेचं. बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे युनायटेड किंग्डममध्ये येतात. हद्दीवर चौकी नाही, गाडी सुळकन पलीकडे जाते, म्हणून बरेच जण गाफील राहतात. पण आपल्या पासपोर्टवाल्यांना तिकडचा व्हिसा लागतोच. तुमच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असली तर तो दोन्हीकडे चालतो. नसली तर तो भाग आपोआप गळाला, भांडायला नको. बाकी पलीकडे वेगाच्या पाट्या मैलांत असतात, आणि गाडी तिकडे नेणार असाल तर भाड्याने देणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

आता वहीतल्या भागाकाराचं. वाइल्ड अटलांटिक वे डोनेगॉलपासून किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर आहे. आठ रात्रींत तो करायचा तर रोज तीनशेच्या वर. यजमानांना एवढंच सांगा की ‘एम’ने सुरू होणारा रस्ता मोटरवे, तिथे १२० चालतं. ‘एन’ बरा. ‘आर’ वळणावळणाचा. आणि ‘एल’ म्हणजे कोकणातली पाणंद समजा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधोमध गवत. गावाबाहेरच्या ‘एल’ रस्त्यांवर पूर्वी ८० ची मर्यादा होती, फेब्रुवारी २०२५ पासून ती ६० वर आणली आहे. प्रत्यक्षात तिथे ३५-४० च्या पुढे पाय दाबवत नाही, कारण वळणापलीकडे ट्रॅक्टर असतो नाहीतर मेंढ्या. समोरून गाडी आली की ज्याला जागा जवळ तो रिव्हर्स घेतो. पुढे गेलेला माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानतो. तुम्हीही उचला, नाहीतर उद्धट दिसतं.

डावी बाजू सवयीची असली तरी खरा त्रास डाव्या आरशाला होतो. भिंतीला घासून जातो तो तोच.

माझं मत: पहिली रात्र डब्लिन, गाडीशिवाय. रात्रभर विमानात बसून आल्यावर स्टिअरिंग हातात घेऊ नका. मग तीन रात्री डूलिन (मोहरच्या कड्यांजवळचं गाव), तीन डिंगल, शेवटची पुन्हा डब्लिन. डूलिनहून डिंगलला जाताना किलिमरला गाडीसकट फेरीत चढा, शॅनन नदीचं मुख वीस मिनिटांत पार होतं आणि लिमरिकचा सव्वाशेहून जास्त किलोमीटरचा वळसा वाचतो. डिंगलजवळचा स्ली हेडचा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करा, सगळे तसाच करतात. समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे ताईंच्या खिडकीत.

आणि पाऊस पडत असेल तर मुद्दाम गॅलरस बघा. उलट्या होडीसारखं दिसणारं छोटं दगडी प्रार्थनाघर आहे. कुठे चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवलाय, त्यामुळे पाणी आत न शिरता भिंतीवरून ओघळून जातं. शेकडो वर्षं त्या पावसात उभं आहे, आत हात लावून बघा, कोरडं असतं.

निवांत:

पावसाबद्दल. चिपळूणच्या पावसाचा अनुभव इथे कामाचा नाही, उलट घात करतो. आपल्याकडे पडतो तेव्हा बदाबदा पडतो आणि खाली पडतो. तिकडचा आडवा येतो. पश्चिमेला वर्षातले सव्वादोनशे दिवस थोडाफार पाऊस असतो, पण किनाऱ्यावरची वर्षाची बेरीज चिपळूणच्या एका जुलैइतकी. बुरबुर, मग ऊन, मग परत बुरबुर. छत्री घरीच ठेवा, पहिल्याच वाऱ्यात उलटी होऊन काड्या हातात येतात. टोपीचं जॅकेट आणि वरून चढवायची पावसाळी पँट घ्या. जीन्स अजिबात नको, दोन-दोन दिवस वाळत नाही. बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

याच कारणासाठी एका जागी दोन-तीन रात्री राहा. मोहरचे कडे २१४ मीटर उंच आहेत, पण धुकं असलं की कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. मुक्काम डूलिनला असेल तर ढग उठले की पंधरा मिनिटांत पोचता. रोज गाव बदलणाऱ्याला त्याच्या वाट्याला येईल ते हवामान. शिवाय त्या दिवसांत सव्वासात-साडेसातला सूर्य मावळतो, तेही वहीत धरा. हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला तर सरळ पबमध्ये बसून राहा.

चकली:

शाकाहाराचं मी सांगते. सकाळ उत्तम जाते. बी-अँड-बीवाल्या बाईंना आदल्या रात्री सांगून ठेवा. अंडी, मशरूम, टोमॅटो, बीन्स, सोडा ब्रेड असं ताट भरून देतात. दुपारी सूप आणि ब्रेड मिळतो, पण भाजीचं सूपही चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारायला लाजू नका. रात्री मात्र सावध. पबचं स्वयंपाकघर खेड्यात साडेआठ-नऊला बंद होतं आणि संगीत साधारण साडेनऊला सुरू होतं. आधी जेवून घ्या. वादक गोल टेबलाभोवती बसतात, त्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी बसू नका. राहायची जागा पबपासून चालत जाण्यासारखी घ्या, म्हणजे गाडी कोण चालवणार हा वादच नाही.

थेपले, मेतकूट न्यालच. मी भडंग नेलं होतं, पहिल्याच ट्रॅफिकमध्ये संपलं.

लिमलेट:

गाडीच्या विम्याकडे कुणीच वळलं नाही? मूळ विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बहुतेक धरत नाहीत, आणि या रस्त्यांवर नेमकं तेच जातं. आमचा टायर गडग्याच्या कोपऱ्यावर फाटला. कंपनीचं नाव घेत नाही, पण बिल बघून नवऱ्याने चहा टाकून दिला. कार्डावर दोन-तीन हजार युरो अडकवून ठेवतात, लिमिट तपासून जा. गाडी घेताना चारही चाकांचा व्हिडिओ काढा. लायसनसोबत आंतरराष्ट्रीय परवानाही आरटीओतून करून घ्या, पुष्कळ ठिकाणी काउंटरवर मागतात. आणि डब्लिनच्या एम-५० वर टोलनाका दिसत नाही, कॅमेरा असतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरायचे. गाडीवाला परस्पर भरतो का ते आधीच विचारा.

बारावा गडी:

अवांतर: यजमान क्रिकेटवेडे आहेत का? कॉनेमारात बॅलिनाहिंच कॅसल आहे. १९२०च्या दशकात ते नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे रणजी करंडकवाल्या रणजितसिंहजींनी घेतलं होतं. सॅमन धरायला उन्हाळ्यात तिथे येऊन राहायचे. आता हॉटेल आहे. खिशाला झेपत नसेल तर नुसता चहा प्या, नदीकाठाने फिरा.

तिथून क्लिफ्डेन जवळच. त्याच्या दक्षिणेला डेरिगिमलाचं दलदलीचं रान आहे. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन न थांबता अटलांटिक ओलांडून आले ते इथे उतरले. हिरवं मैदान समजून उतरले आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं. मार्कोनीचं बिनतारी केंद्रही तिथेच होतं. सगळं चालत बघता येतं.

पावशी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. व्हिसा काढून पाहिला, ती चार अक्षरं नाहीत. उत्तर गेलं. नवरा रुसला होता, पण बाराव्या गड्याचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि वही आपणहून मिटली. आता म्हणतो, रणजीच्या नदीवर जायचंच.

तर आता ठरलंय ते असं: डब्लिन एक, क्लिफ्डेन तीन, डूलिन तीन, डब्लिन एक. कॉर्ककर, रागावू नका, डिंगल राहिलं. गॅलरस वाचून जीव अडकलाय, पण त्यासाठी मधला एक अख्खा दिवस गाडीत जातो आणि परत येताना दुसरा. क्लिफ्डेनहून डूलिनला जाताना वाटेत एक रात्र गॉलवेला काढावी का? तो शनिवार येतोय.

कॉर्ककर:

रागावलो नाही, वाईट वाटलं. पण बेत चालण्यासारखा आहे.

गॉलवेला शनिवारी रात्र नको. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे कालवांचा महोत्सव असतो, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर ऐकवत नाहीत. दुपारी थांबा, जेवा, पुढे निघा. डूलिनची खोली मात्र आजच ठरवा. शेजारच्या लिस्डूनवार्नाला सप्टेंबरभर लग्नं जुळवायची जत्रा भरते, तिथली गर्दी डूलिनपर्यंत येते. बॅलिवॉनहून कॉर्कस्क्रू हिलचा घाट धरून जा, वरून बरनचा अख्खा चुनखडीचा माळ दिसतो.

गाडी ऑटोमॅटिक घ्या आणि ती शक्य तितकी लहान घ्या. ऑटोमॅटिक थोड्या असतात, महागही असतात, आत्तापासून मागितली तर मिळेल.