एक्सेलमधली ग्राहकयादी झोहो सीआरएममध्ये चढवायची आहे, आधी काय काय साफ करावं?

पंपसेट_कोल्हापूर
नमस्कार. पंप आणि मोटारींची डीलरशिप आहे, ग्राहक कोल्हापूर-सांगली आणि गोव्यातले. आता झोहो सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) घेतलंय. फायली तीन: काउंटरची विक्री, सर्व्हिसची नोंद आणि गोव्याची वेगळी यादी. मिळून अकरा हजारांच्या आसपास ओळी. अडचणी अशा:

- एकाच सेलमध्ये दोन-दोन फोन, मध्ये तिरकी रेघ
- जीएसटी नंबर काहींचाच आहे, बाकी शेतकरी
- सर्व्हिसच्या फाइलमध्ये गावाचं नाव मर्ज सेलमध्ये एकदाच, खाली पंधरा-वीस ग्राहक
- तारखा काही सेलच्या डाव्या कडेला, काही उजव्या
- जुनी नावं श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टमध्ये)

थेट चढवून आत साफ करू की आधी एक्सेलमध्येच? सुरुवात कुठून करू?

तक्तेवाले
आधी एक्सेलमध्येच. डुप्लिकेट एकदा आत गेले की त्यांना कॉल, टास्क, नोट्स चिकटायला लागतात, आणि मग प्रत्येक जोडीत कोणतं ठेवायचं हे बघत बसावं लागतं.

सुरुवात मात्र साफसफाईपासून नको. मूळ फायलींच्या प्रती रीड-ओन्ली करून बाजूला ठेवा आणि प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या: काउंटर-०००१, सर्व्हिस-०००१, गोवा-०००१. एकही सॉर्ट करायच्या आधी. झोहोत 'जुना क्रमांक' नावाचं फील्ड करा, त्याला डुप्लिकेट चालणार नाहीत अशी अट घाला आणि हा कॉलम तिथे न्या. उद्या पाचशे जणांचा पत्ता चुकीचा गेला असं कळलं, तर याच क्रमांकावर दुरुस्त फाइल अपडेट म्हणून चढवता येते. क्रमांक नसला की नावावर जुळवावं लागतं आणि एकाच नावाच्या चार पाटलांत घोळ होतो. तीन ओळींची एक केलीत तर उरलेले दोन क्रमांक 'इतर क्रमांक' कॉलममध्ये ठेवा, टाकू नका.

मर्ज सेल: आधी अनमर्ज. मग गावाचा कॉलम निवडून एफ५, स्पेशल, ब्लँक्स. बरोबरचं चिन्ह, वरचा बाण, कंट्रोल-एंटर. लगेच कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज, नाहीतर पुढच्या सॉर्टला गावं बदलतील. जिथे गाव खरंच लिहिलेलं नव्हतं तिथेही वरचंच गाव येतं, तेव्हा अशा ओळींत आधीच 'माहीत नाही' लिहून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ फोनवर द्या. तिरक्या रेघेवर टेक्स्ट टू कॉलम्स चालवा, तिसऱ्या पायरीवर दोन्ही कॉलमना टेक्स्ट निवडा, नाहीतर पुढचं शून्य उडतं. मग स्पेस, डॅश, कंस काढून उजवीकडचे दहा आकडे घ्या. मोबाइल ६ ते ९ ने सुरू होतो हे खरं, पण तेवढ्यावर विसंबू नका. कोल्हापूरचा ०२३१, सांगलीचा ०२३३: शून्य गेलं तरी २ दिसतो, लँडलाइन लगेच ओळखू येते. गोव्याचा ०८३२ मात्र शून्य गेल्यावर हुबेहूब मोबाइल दिसतो, दहाच आकडे आणि ८ ने सुरुवात. त्यात ८३२ ने सुरू होणारे खरे मोबाइलही असतात. एवढ्या ओळी गाळून काढा आणि एकेक हाताने बघा.

पुढे ९१ लावलंत की बारा आकडे होतात आणि जनरल फॉरमॅटमध्ये सेलमध्ये ९.१९ई+११ असं काहीतरी दिसतं. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) जे दिसतं तेच सेव्ह होतं. मग ती सीएसव्ही कितीही उघडा, मधले आकडे परत येत नाहीत. कॉलम टेक्स्टच ठेवा.

हिशेब_नीट
जीएसटीबद्दल. नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. लेन सूत्राने लांबी तपासा, मिड सूत्राने पॅन वेगळ्या कॉलममध्ये काढा. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. आकड्यांच्या जागी शून्याऐवजी 'ओ' टाइप झालेला हमखास सापडतो.

एकच पॅन २७ आणि ३० दोन्हीत दिसला तर डुप्लिकेट समजून पुसू नका. फर्म एकच, नोंदण्या दोन राज्यांत, बिलंही वेगळ्या नंबरांवर. झोहोत दोन अकाउंट (फर्मच्या नोंदी) करा, नावापुढे (गोवा) लिहा आणि पॅरेंट अकाउंटने जोडा. नावं सारखी ठेवलीत तर कॉन्टॅक्ट (माणसांच्या नोंदी) चढवताना माणसं चुकीच्या अकाउंटला जातात.

शेतकऱ्यांना मोबाइलवर जुळवा, पण मोबाइल आणि पहिलं नाव दोन्ही जुळलं तरच एक करा. घरातला एकच नंबर बाप-लेक दोघांच्या बिलावर असतो.

आणि जुळवायच्या आधी ट्रिम. वेबवरून किंवा टॅलीतून आलेल्या मजकुरात कधी वेगळी स्पेस असते, कॅरॅक्टर १६०. ट्रिमला ती दिसत नाही. आधी सब्स्टिट्यूटने ती साध्या स्पेसमध्ये बदला, मग ट्रिम.

पंपसेट_कोल्हापूर
खूप आभार. तारखा आणि श्रीलिपीचं काय करू? डाव्या कडेच्या तारखा बिघडलेल्या आहेत ना?

रकाना
उलट आहे. डावीकडच्या टेक्स्ट आहेत, म्हणजे जशा टाइप झाल्या तशाच, बरोबर. शंका उजवीकडच्यांची घ्या. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असताना २५/०४/२०२३ तारीख होऊ शकत नाही, म्हणून टेक्स्ट राहते. ०३/०४/२०२३ मात्र गुपचूप ४ मार्च होते.

तपासायला डे सूत्राने उजवीकडच्या तारखांचा दिवस काढा. हजारो तारखांत एकही दिवस १२ च्या वर नसेल तर दिवस-महिना उलटलेत हे नक्की. मग डेट सूत्रात वर्ष, त्यानंतर महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ, असं वेगळ्या कॉलममध्ये सुलट करा. हे झाल्यावरच डावीकडच्यांवर टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीवर डेट, डीएमवाय. क्रम उलटा केलात तर सगळ्याच उजवीकडे जातील आणि कुठल्या उलटलेल्या होत्या ते कळायला मार्ग उरणार नाही. शेवटी सगळ्या २०२३-०४-०३ अशा, वर्ष पुढे.

श्रीलिपीतली नावं युनिकोड नाहीत, म्हणजे तो फॉन्ट नसेल तिथे भलतीच अक्षरं दिसतात. कोणता फॉन्ट वापरलाय ते बघून त्याच मालिकेच्या कन्व्हर्टरमधून काढा. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. सीएसव्ही करायची तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. झोहो एक्सएलएसएक्स (एक्सेलची नेहमीची फाइल) ही घेतं, तुमच्यासाठी तेच सोपं. सीएसव्ही केलीतच तर तपासायला नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून पुन्हा सेव्ह केली की फोन परत बिघडले.

तक्तेवाले
चढवायचा क्रम: आधी युजर (झोहो वापरणारी तुमची माणसं), मग अकाउंट, मग कॉन्टॅक्ट, शेवटी डील (विक्रीचे व्यवहार). ओनरच्या (ग्राहक ज्याच्याकडे सोपवलाय त्याच्या) कॉलममधला माणूस आधी युजर म्हणून नसेल तर रेकॉर्ड त्याच्या नावावर जात नाही. कॉन्टॅक्टला लास्ट नेम लागतंच. 'बाळू मिस्त्री' एवढंच असेल तर पूर्ण नाव तिथेच टाका, 'एनए' भरू नका. ज्यांनी मेसेज नको सांगितलंय त्यांची खूण वेगळ्या कॉलमने न्या. इम्पोर्टच्या आधी वर्कफ्लो (झोहोतली आपोआप होणारी कामं) बंद करा, नाहीतर जुन्या ग्राहकांना 'स्वागत आहे' असे ई-मेल जातील.

चाचणीला वीस ओळी घ्या आणि त्या मुद्दाम वाईट निवडा: दोन फोनवाली, देवनागरी नावाची, दोन राज्यांची फर्म, पत्त्यात ऑल्ट-एंटर (सेलच्या आतच नवी ओळ) असलेली.

पंपसेट_कोल्हापूर
साफसफाई चालू असताना काउंटरवर नवीन ओळी येतच राहणार. त्यांना पुन्हा हे सगळं हाताने?

रकाना
तेवढ्यासाठीच पॉवर क्वेरी (साफसफाईच्या पायऱ्या लक्षात ठेवणारी एक्सेलची सोय) वापरा. डेटा टॅबवरून फाइल आत घ्या, पायऱ्या एकदा तिथे बांधा. शेवटच्या दिवशी रिफ्रेश केलं की नव्या ओळीही त्याच चाळणीतून जातात. जुना क्रमांक मात्र मूळ फाइलमध्येच टाइप केलेला हवा, क्वेरीत इंडेक्स कॉलम लावलात तर मध्ये एक ओळ घुसताच खालचे सगळे क्रमांक सरकतात. आणि फाइल घेतल्याबरोबर 'चेंज्ड टाइप' ही पायरी आपोआप लागते, ती फोन आणि पिनकोडला आकडा करून टाकते. तेवढी पुसा आणि ते कॉलम स्वतः टेक्स्ट करा.