तारखेच्या आत भरलं म्हणजे सुटलो? नाही

'आयकर रिटर्न तारखेच्या आत सबमिट केलं की पाच हजारांचं विलंब शुल्क लागतच नाही' असं कोणी तरी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे भाऊ. रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत ते ई-व्हेरिफाय (म्हणजे रिटर्न आपलंच आहे याची ऑनलाइन खात्री) करावं लागतं. ते चुकलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच भरल्याची तारीख धरतात.

आमच्या महाल भागातल्या काकांनी २०२४ मध्ये २९ जुलैलाच फॉर्म भरला, पावतीची प्रिंट फाइलला लावली अन् निवांत झाले. रिफंड का येत नाही म्हणून सप्टेंबरात माझ्याकडे आले, तेव्हा पाहिलं तर व्हेरिफिकेशन बाकी! आधार ओटीपीचं दोन मिनिटांचं काम. उत्पन्न पाच लाखांच्या वर, म्हणून पूर्ण ५००० गेले (पाच लाखांपर्यंत १००० असतात). त्याहून मोठा फटका म्हणजे उशिराच्या रिटर्नमध्ये पगारदार-पेन्शनरांना जुनी करप्रणाली निवडता येत नाही, म्हणजे ८०सी (बचत-गुंतवणुकीची), मेडिक्लेमची वजावट सगळी पाण्यात. काका अजून त्या प्रिंटकडे बोट दाखवतात, 'हे घे, तारीख पाह्य ना!'