मदत हवी आहे : वडिलांच्या पश्चात वारस नोंद आणि ठेवीबद्दल

नमस्कार मंडळी. दादा (आमचे वडील) जाऊन चार महिने झाले. मृत्युपत्र नाही. मागे आई, मी आणि दोन बहिणी. सोलापुरात साखर पेठेतलं घर, मोहोळ तालुक्यात पावणेदोन एकर आणि बँकेत दोन ठेवी, एवढाच पसारा. कागद सगळे एका टॉवेलच्या कारखान्याच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेले. माणूस नीटनेटका, पण ठेवीला नॉमिनी लावलेली आमची आजी, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली!

बँक म्हणते, कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट (ठेवीचे पैसे वारसांना मिळण्यासाठीचा दाखला) आणा. ते ठेवीपुरतं चालतं आणि घरासाठी १८२७ च्या रेग्युलेशनखालचा (म्हणजे जुन्या मुंबई कायद्याखालचा) वारस दाखला वेगळा, असं एका ओळखीच्या कारकुनानं सांगितलं. दोन्ही अर्ज एकदमच करावेत का? पेपरातली जाहीर नोटीस धरून सोलापूर कोर्टात साधारण किती महिने जातात?

दुसरी अडचण शेताची. सातबाऱ्यावर दादांचं घरातलं नाव आहे, आधारवर शाळेतलं. तलाठी म्हणतात, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, मग फेरफार (वारसांची नावं लावायची नोंद) धरू. तेवढ्यावर भागतं का?

बहिणी हक्कसोड करायला, म्हणजे आपला हिस्सा सोडायला तयार आहेत. पण आईचं म्हणणं, आधी सगळ्यांची नावं लागू देत, सोडायचं काय ते नंतर बघू. मलाही तेच पटतं. भावकीत मात्र कुजबुज सुरू झालीय.

वारसाची कामं करणारा, फी आधी स्पष्ट सांगणारा वकील माहीत असेल तर मेसेज करा.