शब्दचर्चा : ‘तीव्र यकृत निकामी’ आणि खवळलेल्या पेशी

लातूरकर
तालुक्यातल्या आशाताईंसाठी काविळीचं माहितीपत्रक लिहितोय. एका वाक्यावर अडलोय : ‘तीव्र यकृत निकामी अवस्थेत रोगप्रतिकारक पेशींच्या सक्रियतेचा वाटा असतो.’ एका ताईंनी वाचून लगेच विचारलं, “मग पेशंटला प्रतिकारशक्तीचा काढा देऊ का?” हे कसं लिहावं?

सिस्टर, अंबाजोगाई
सर, आधी ‘तीव्र’ हा शब्द काढून टाका. लोक त्याचा अर्थ ‘फार जास्त’ असा घेतात. इथे अभिप्रेत आहे ‘अचानक’. लिव्हरचा कुठलाच जुना आजार नसलेल्या माणसाला कावीळ होते, रक्त लवकर गोठत नाही आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो भ्रमिष्टासारखा वागतो. नातेवाईक सांगतात, “डोळे पिवळे होतेच, आता काहीबी बोलायलाय.” हेच वाक्य पत्रकात ठळक छापा. हे दिसलं की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

डॉक्टर, नांदेड
सिस्टरांशी सहमत. माझा आक्षेप ‘सक्रियता’वर आहे. तो शब्द ऐकून काहीतरी चांगलं चाललंय असं वाटतं.

दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए घ्या किंवा रक्तातून येणारा बी. विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी. पॅरासिटामॉलच्या अतिडोसात क्रम उलटा. औषधापासून तयार झालेलं विषारी द्रव्य आधी पेशी मारतं. मेलेल्या पेशींतून जे बाहेर सांडतं, त्याने यकृतात कायम राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे कुप्फर पेशी, खवळतात. त्या टीएनएफ, इंटरल्युकिन अशी रसायनं सोडतात आणि रक्तातले मोनोसाइट, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचे प्रकार) तिकडे धावतात. ही रसायनं रक्तात पसरली की रक्तदाब पडतो, किडन्या बसतात. यकृत बंद पडल्याने रक्तात वाढलेल्या अमोनियाच्या जोडीला ती मेंदूची सूजही वाढवतात.

म्हणून मी ‘खवळणे’ लिहीन.

परभणीकर
छापील पत्रकात ‘अतिप्रतिसाद’ बरा दिसेल ना?

डॉक्टर, नांदेड
दादा, ‘अतिप्रतिसाद’ आशाताईंना पुन्हा समजावून सांगावा लागेल. पण ‘खवळणे’ एकट्याने पुरत नाही, हे खरं. कुप्फर पेशींच्याच कुळातल्या पेशी पुढे मेलेला कचरा उचलतात, नव्या पेशी वाढायला हातभार लावतात. त्यांना शत्रू ठरवणारा शब्द नको. आणि पुढच्या टप्प्यात रक्तातले मोनोसाइट मंदावतात; मग जंतू आणि बुरशी डाव साधतात. अनेक रुग्ण अशा संसर्गाने दगावतात. एकाच आजारात आधी खवळणे, मग मंदावणे. ‘प्रतिकारशक्ती कमी’ किंवा ‘जास्त’ या दोन शब्दांत हे बसत नाही.

सिस्टर, अंबाजोगाई
काढ्याचं स्वतंत्र लिहाच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा यकृतावर उलटल्याची चिन्हं त्यांत होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद तज्ज्ञ बघतील. कावीळ झालेल्याला काढा, झाडपाला काहीही देऊ नये, एवढं आपण ठामपणे लिहू शकतो. झाडपाल्यात गेलेले ते चार दिवस परत मिळत नाहीत.

लातूरकर
ताई, डॉक्टर, असं करतो : ‘यकृत अचानक निकामी होतं तेव्हा शरीराच्या संरक्षक पेशी आधी खवळतात आणि यकृताची इजा वाढवतात, नंतर मंदावतात आणि संसर्ग होतो. प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही घरी देऊ नका.’ ‘प्रतिकारक’ऐवजी मुद्दाम ‘संरक्षक’ घेतलंय.

डॉक्टर, नांदेड
चालेल. फक्त ‘इजा वाढवतात’च्या आधी ‘कधी कधी’ घाला.